कॉम्प्युटर म्हणतो कोडेक नाही, आणि त्यामागे आहे २०० वर्षांपूर्वीच्या एका शिंप्याचा पोरगा

लग्नाची जुनी सीडी, कुणीतरी पेनड्राईव्हमध्ये भरून दिलेलं नाटक, नाहीतर भाच्याने आयफोनवर काढून पाठवलेला बारशाचा व्हिडिओ. कॉम्प्युटरवर फाईल दिसते, डबल क्लिक केलं की प्लेअरही उघडतो, पण पुढे काहीच होत नाही. कधी नुसता आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. कधी चित्र हलतं पण आवाजाचा पत्ता नसतो. आणि मग एक चौकट येते, त्यात लिहिलेलं असतं की ही फाईल चालवायला लागणारा कोडेक या कॉम्प्युटरवर नाही.

मग शोधाशोध सुरू होते. कुठलंतरी कोडेक पॅक डाउनलोड होतं, ते बसतं, फाईल चालते किंवा चालत नाही आणि विषय तिथेच संपतो.

पण कोडेक म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायचं असेल तर थेट फ्रान्समध्ये जावं लागतं. तेही राज्यक्रांतीच्या काळात. कारण एमपी-थ्री गाणं असो, जेपीजी फोटो असो की मोबाईलवरचा व्हिडिओ, या सगळ्यांच्या पोटात जे गणित चालतं त्याचा पाया झां-बाप्तिस्त जोसेफ फूरिये नावाच्या माणसाने घातला.

इंजिनिअरिंग केलेल्यांना हा माणूस फोरियर या नावाने माहीत असतो. एम-थ्रीच्या पेपरला ज्याच्या नावाच्या सिरीजने आणि ट्रान्सफॉर्मने अनेकांना रडवलं, तोच हा.

गंमत म्हणजे फूरियेला गाण्यांशी किंवा चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं. लोखंडाच्या कांबीतून उष्णता कशी पसरते, एवढंच त्याला शोधायचं होतं. आणि त्याने जे उत्तर काढलं ते त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांना पटलंच नाही.

आधी कोडेक म्हणजे काय ते बघू

कोडर आणि डीकोडर हे दोन शब्द जोडून कोडेक झाला. एक आवळतो, दुसरा उलगडतो.

आवळायची गरज का पडते, तर हिशोब करून बघा. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले तर एका चित्राला साधारण ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५५ एमबी आणि मिनिटाला ९ जीबीच्या वर. दोन तासांचा सिनेमा असा कच्चा ठेवायचा म्हटला तर हजार जीबीची हार्ड डिस्कही पुरणार नाही.

गाण्याचंही तसंच. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, तेही डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंचे आणि प्रत्येक नमुना २ बाइटचा. पाच मिनिटांचं गाणं ५३ एमबीच्या घरात जातं. तेच गाणं १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीमध्ये ५ एमबीच्या आत बसतं. ही किमया कोडेकची.

आता दुसरी गोष्ट. फाईलच्या नावापुढे जे एमपी-फोर, एव्हीआय किंवा एमकेव्ही लिहिलेलं असतं, तो कोडेक नसतो. तो नुसता डबा असतो. डब्यात चित्र एका कोडेकने भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या. म्हणून एकाच नावाच्या दोन डब्यांपैकी एक उघडतो आणि दुसरा उघडत नाही. चित्राचा कोडेक आहे पण आवाजाचा नाही, असं झालं की मूकपट दिसतो.

पण मूळ प्रश्न उरतोच. ५३ एमबीचं गाणं ५ एमबीत बसवताना ४८ एमबी टाकून दिले, तरी कानाला फारसं कळत का नाही? काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवतं कोण?

इथे फूरिये येतो.

शिंप्याचा अनाथ पोरगा

२१ मार्च १७६८ ला फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या ओसेर गावात फूरियेचा जन्म झाला. वडील शिंपी. घरात भावंडांची रांग. जोसेफ नऊ वर्षांचा असताना आई गेली आणि पाठोपाठ वडीलही.

गावातल्या लोकांनी या हुशार पोराला सैनिकी शाळेत घालायची सोय केली. शाळा बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू चालवायचे. तिथे त्याला गणिताचं वेड लागलं. बेझू या लेखकाचे गणिताचे सहा खंड त्याने १४ व्या वर्षीच संपवले होते. रात्री सगळे झोपले की वापरून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे पेटवून तो अभ्यास करत बसायचा, असं त्याच्या चरित्रात सांगतात.

त्याला तोफखान्यात अधिकारी व्हायचं होतं. तोफा म्हणजे गणिताचंच काम. पण तेव्हाच्या फ्रान्समध्ये त्यासाठी खानदानी घराण्यात जन्माला यावं लागायचं. शिंप्याच्या मुलाला तो दरवाजा बंद होता.

मग दुसरा रस्ता धरला. १७८७ मध्ये तो साधू व्हायला मठात दाखल झाला. मात्र डोक्यातून गणित काही जाईना. शेवटची दीक्षा घ्यायच्या आधीच १७८९ साल उजाडलं आणि फ्रान्समध्ये क्रांती झाली. फूरिये मठातून बाहेर पडला आणि आपल्याच जुन्या शाळेत मास्तर झाला.

मान वाचली ती थोडक्यात

जन्मावरून माणसाची किंमत करणारी व्यवस्था मोडत होती. जिच्यामुळे आपली वाट अडली तीच व्यवस्था कोसळतेय म्हटल्यावर फूरियेही क्रांतीत ओढला गेला. १७९३ मध्ये तो गावच्या क्रांतिकारी समितीत गेला.

पण लवकरच क्रांती स्वतःचीच माणसं खायला लागली. संशय आला की माणूस गिलोटिनखाली. फूरियेला हे झेपेना. कामानिमित्त ऑर्लेआं शहरात गेला असताना तिथल्या भांडणात त्याने एका गटाची बाजू घेतली आणि ते अंगाशी आलं. जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली.

त्या दिवसांत अटक म्हणजे बहुतेक वेळा शेवटच. पण २८ जुलैला दहशतीच्या या कारभाराचा म्होरक्या रोब्सपिएर स्वतःच गिलोटिनवर चढला. तुरुंगांची दारं उघडली आणि फूरिये सुटला. हा बदल काही आठवडे उशिरा झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१७९५ मध्ये पॅरिसला शिक्षक तयार करणारी नवी संस्था निघाली. देशभरातून निवडलेल्या विद्यार्थ्यांत फूरिये होता. शिकवायला होते लाग्रांज, लाप्लास आणि माँज. म्हणजे तेव्हाच्या युरोपातलं गणिताचं सगळं वैभव एका फळ्यासमोर उभं होतं. लवकरच फूरिये एकोल पोलिटेक्निक या नव्या संस्थेत शिकवायला लागला आणि १७९७ मध्ये खुद्द लाग्रांजच्या जागेवर त्याची नेमणूक झाली.

लाग्रांज हे नाव लक्षात ठेवा.

नेपोलियनसोबत इजिप्तला, आणि तिथून कलेक्टरच्या खुर्चीत

१७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला. सोबत फौज होती, तसे शंभर-दीडशे विद्वानही होते. त्यांत फूरिये होता. कैरोमध्ये नेपोलियनने विद्वानांची एक संस्था काढली आणि फूरिये तिचा सचिव झाला.

मोहीम मात्र फसली. इंग्रजांच्या नेल्सनने फ्रेंच आरमाराचा नाईलच्या मुखाशी फडशा पाडला. १७९९ मध्ये नेपोलियन फौज मागे ठेवून फ्रान्सला निघून गेला. फूरिये मात्र तिथेच अडकला आणि १८०१ मध्ये परतला.

परतल्यावर त्याला पुन्हा शिकवायचं होतं. पण नेपोलियनने या माणसाचं कामकाज बघितलेलं होतं. त्याने फूरियेला आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट केलं. आपल्याकडच्या कलेक्टरसारखंच हे पद. मुख्यालय ग्रेनोबल.

पॅरिसपासून लांब, हाताखाली ना प्रयोगशाळा ना सहकारी. दुसरा कुणी असता तर गणित तिथेच सुटलं असतं. फूरियेने दोन्ही केलं. बुर्ग्वांची दलदल पिढ्यानपिढ्या लोकांना तापाने आजारी पाडत होती. ती उपसायची तर डझनावारी गावांची संमती हवी होती, आणि प्रत्येक गावाची आपापली भांडणं. फूरियेने एकेका गावाला समजावत ती दलदल कोरडी केली. ग्रेनोबलहून इटलीतल्या तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम काढलं. इजिप्त मोहिमेवर जो प्रचंड ग्रंथ निघाला त्याची प्रस्तावनाही त्यानेच लिहिली.

आणि या सगळ्यातून वेळ काढून तो लोखंड तापवत होता.

कांबीतली उष्णता आणि लाटांची बेरीज

प्रश्न साधा वाटतो. लोखंडाची एक कडी घ्या. तिचा एक भाग तापवा, बाकीची थंड ठेवा. थोड्या वेळाने कुठे किती ऊब असेल?

उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे जाते हे सगळ्यांना माहीत होतं. पण नेमकं गणित करायचं तर प्रत्येक बिंदूचं तापमान शेजारच्या बिंदूंवर अवलंबून, आणि त्यांचं पुन्हा त्यांच्या शेजाऱ्यांवर. सगळा गुंताच.

फूरियेने हा गुंता वेगळ्या बाजूने सोडवला. कडीवरचं तापमान किती वेडंवाकडं असलं तरी ते साध्या, गोलाईदार लाटांची बेरीज म्हणून लिहिता येतं, असं त्याने धरलं. एक मोठी संथ लाट, तिच्यावर तिच्या निम्म्या लांबीची, मग एक तृतीयांश लांबीची, असं पुढे पुढे.

फायदा असा, की एकटी लाट कशी विरते ते काढणं अगदी सोपं आहे. निम्म्या लांबीची लाट चौपट वेगाने विरते. एक तृतीयांश लांबीची नऊपट. म्हणजे बारीक लाटा लगेच पुसल्या जातात आणि मोठी संथ लाट शेवटपर्यंत टिकते. प्रत्येक लाटेचा हिशोब वेगळा करा, शेवटी बेरीज घ्या, उत्तर तयार.

आवाजाच्या बाबतीत हे समजायला आणखी सोपं जातं. पेटीवर आणि बासरीवर एकच सूर लावला तरी आपण डोळे मिटून सांगतो की पेटी कुठली आणि बासरी कुठली. कारण मूळ सुरासोबत दोन्हींत जे वरचे सूर मिसळलेले असतात त्यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. सूर तोच, मिश्रण निराळं. फूरियेचं गणित या मिश्रणातला एकेक घटक किती आहे ते मोजून देतं.

गुरूचाच नकार

२१ डिसेंबर १८०७ ला फूरियेचा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला गेला. तपासायला चौघे होते. लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा.

लाग्रांज अडून बसला. वाद नवा नव्हता. कंप पावणाऱ्या तारेवरून ऑयलर, दालाँबेर आणि डॅनिएल बर्नुली यांच्यात पन्नास वर्षांपूर्वी असंच वाजलं होतं आणि तरुणपणी लाग्रांजही त्यात उतरला होता. त्याचं म्हणणं वरवर बघता कुणालाही पटेल असंच होतं. लाटा गोलाईदार असतात. गोलाईदार वस्तू कितीही जोडल्या तरी त्यातून काटकोनातला कोपरा कसा तयार होईल? कडीचा अर्धा भाग गरम आणि अर्धा थंड असेल तर मधे एकदम उडी आहे. ती उडी लाटांतून येणारच नाही.

फूरियेचं म्हणणं होतं की लाटा अगणित घेतल्या तर येईल. तो आकडे मांडून दाखवत होता. पण गणितात नुसतं दाखवून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. आणि पक्की सिद्धता त्याच्याकडे नव्हती. त्यामुळे लाग्रांजच्या शंकेत तथ्य होतं, हेही मान्य करायला हवं.

प्रबंध छापला गेला नाही. पुढे सभेने उष्णतेच्याच विषयावर बक्षीस जाहीर केलं. फूरियेने १८११ मध्ये सुधारलेला प्रबंध पाठवला. १८१२ मध्ये बक्षीस त्यालाच मिळालं, पण मांडणीत नेमकेपणा कमी पडतो असा शेरा मारून. तो प्रबंधही तेव्हा छापला नाही. बक्षीस द्यायचं आणि छापायचं मात्र नाही, असा हा प्रकार.

फूरिये दुखावला गेला, पण त्याने पद्धत सोडली नाही. कारण तिने काढलेली उत्तरं तापवलेल्या लोखंडाशी जुळत होती.

उशिरा मिळालेला मान

१८१५ मध्ये नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून परत आला आणि ग्रेनोबलवरूनच पॅरिसकडे निघाला. फूरियेची पंचाईत झाली. तो तेव्हा राजाचा अधिकारी होता आणि समोरून जुना मालक येत होता. तो शहर सोडून गेला. पण पुढे नेपोलियनशी गाठ पडलीच, आणि त्याला ल्योंचा प्रीफेक्ट करण्यात आलं. थोड्याच आठवड्यांत त्याने तेही पद सोडलं.

नेपोलियन कायमचा संपल्यावर फूरिये पॅरिसमध्ये जवळपास बेकार होता. एका जुन्या विद्यार्थ्याने त्याला आकडेवारी खात्यात काम मिळवून दिलं. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने त्याला सदस्य निवडलं तर राजा अठराव्या लुईने नकार दिला. पुढच्या वर्षी अकादमीने पुन्हा त्यालाच निवडलं.

शेवटी १८२२ मध्ये त्याचं उष्णतेवरचं पुस्तक बाहेर आलं. पहिला प्रबंध मांडल्यानंतर पंधरा वर्षांनी. लाग्रांज तोवर वारला होता. त्याच वर्षी फूरिये अकादमीचा कायम सचिव झाला.

पृथ्वीभोवतीची हवा उष्णता धरून ठेवते आणि म्हणून जमीन आहे तेवढी उबदार राहते, हा विचारही त्याने १८२४ मध्ये मांडला. आज ज्याला हरितगृह परिणाम म्हणतात त्याची चर्चा इथपासून सुरू होते. सोफी जर्मेन या गणितज्ञ बाईंना अकादमीच्या बैठकांना बसता यावं म्हणून त्याने खटपट केली. १८२९ मध्ये डिरिखले या तरुण जर्मन गणितज्ञाने, लाटांची बेरीज कोणत्या अटींवर खरी ठरते हे सिद्ध केलं. फूरियेला ते हयातीत बघायला मिळालं.

१६ मे १८३० ला पॅरिसमध्ये फूरिये गेला. वय ६२. लग्न केलेलं नव्हतं.

त्याच्या मृत्यूला एक चुटपुट लावणारी किनार आहे. इव्हारिस्त गाल्वा या अठरा वर्षांच्या पोराने त्याच वर्षी अकादमीकडे आपला शोधनिबंध पाठवला होता. तो सचिव म्हणून फूरियेकडे गेला. फूरिये वारला आणि कागद सापडलेच नाहीत. ज्याचं स्वतःचं काम पंधरा वर्षं अडकून पडलं, त्याच्याच टेबलावरून दुसऱ्या एका मोठ्या गणितज्ञाचं काम हरवलं. दोन वर्षांनी गाल्वा द्वंद्वयुद्धात मारला गेला.

लोखंडाच्या कडीपासून तुमच्या फोनपर्यंत

कोणताही आकार लाटांत मोडता येतो हे कळलं, पण त्याची आकडेमोड अफाट होती. १९६५ मध्ये कूली आणि टुकी या दोघांनी ती झटपट करायची रीत प्रसिद्ध केली. अशीच युक्ती जर्मन गणितज्ञ गाउस याने १८०५ च्या सुमारास वापरली होती, हे नंतर लक्षात आलं. कॉम्प्युटर आल्यामुळे तिचा खरा उपयोग सुरू झाला.

पुढचं मोठं पाऊल बेंगळुरूत जन्मलेल्या माणसाने टाकलं. नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्रं आवळण्यासाठी फूरियेच्या लाटांचा एक सुटसुटीत अवतार वापरायची कल्पना त्यांना सुचली. त्यासाठी त्यांनी संशोधन निधी मागितला, तो मिळाला नाही. त्यांनी काम चालूच ठेवलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९७४ मध्ये आला. त्यातल्या पद्धतीला डीसीटी म्हणतात.

जेपीजी फोटोत ती अशी चालते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. एका चौकोनात ६४ ठिपके. त्यांचे ६४ लाटांत रूपांतर करायचं. पहिला आकडा सांगतो की चौकोन सरासरी किती उजळ आहे. पुढचे आकडे बारीक बारीक तपशील सांगतात. बहुतेक चौकोनांत, म्हणजे आकाश, भिंत, गाल अशा ठिकाणी, बारीक लाटांचे आकडे जवळपास शून्य असतात. आणि असले तरी आपल्या डोळ्याला ते फारसे कळत नाहीत. ते शून्य धरून टाकायचे आणि उरलेले लिहून ठेवायचे. फाईल लहान झाली.

फूरियेच्या कडीत बारीक लाटा आधी विरायच्या आणि मोठी टिकायची. कोडेक तेच मुद्दाम करतो.

एमपी-थ्री आणि एएसी आवाजाला लाटांत मोडतात आणि मोठ्या सुरामागे झाकले जाणारे बारीक सूर गाळतात. एच.२६४ आणि एचईव्हीसी हे व्हिडिओ कोडेक आधी दोन चित्रांमध्ये काय हललं ते शोधतात आणि जे उरतं त्यावर डीसीटीच्याच घराण्यातलं गणित चालवतात. सगळे कोडेक असे नसतात. फ्लॅकसारखा कोडेक काहीही न टाकता आवाज साठवतो, त्याची रीत वेगळी आणि फाईलही मोठी.

लाग्रांज ज्या कोपऱ्यावर अडून बसला होता तो कोपरा मात्र अजून छळतो. व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेली लग्नपत्रिका मोठी करून बघा. अक्षरांच्या कडेला धुरकट किडे दिसतात. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे एकदम उडी, ती उभी करायला बारीक लाटा लागतात आणि नेमक्या त्याच कोडेकने टाकलेल्या असतात.

मग फाईल चालत नसेल तर काय करायचं?

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे व्हीएलसी प्लेअर. तो फुकट आहे आणि बहुतेक सगळे कोडेक पोटात घेऊनच येतो. वेगळं काही बसवावं लागत नाही. तो व्हिडिओलॅनच्या अधिकृत साइटवरूनच घ्यावा. पॅरिसजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये त्याची सुरुवात केली. व्हीएलसी आतून ज्या एफएफएमपेगच्या कोडेकवर चालतो, तो प्रकल्प फाब्रिस बेलार याने २००० साली सुरू केला. बेलार जन्मला ग्रेनोबलला, शिकला एकोल पोलिटेक्निकमध्ये. म्हणजे फूरिये जिथे कलेक्टर होता त्या गावात, आणि जिथे शिकवायचा त्या संस्थेत.

फाईलमध्ये कुठला कोडेक आहे ते बघायचं तर व्हीएलसीत ती उघडून कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबा. चित्राचा आणि आवाजाचा कोडेक वेगवेगळा लिहिलेला दिसेल.

आयफोनचा व्हिडिओ विंडोजच्या प्लेअरमध्ये अडत असेल तर तो बहुधा एचईव्हीसी असतो. या कोडेकवर पेटंट आहेत, म्हणून मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर त्याचा जोड विकत मिळतो. व्हीएलसीत तो तसाही चालतो. आणि पुढचे व्हिडिओ सगळीकडे चालावेत असं वाटत असेल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली मोस्ट कॉम्पॅटिबल निवडायचं.

फाईलचं नाव बदलून एमकेव्हीचं एमपी-फोर केल्याने काही होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली, आतली भाजी तीच राहिली. खरंच बदल हवा असेल तर हँडब्रेकसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून फाईल नव्या कोडेकमध्ये रूपांतरित करावी लागते.

व्हिडिओ बघायला आधी हा कोडेक बसवा असं एखादी अनोळखी साइट सांगत असेल तर तिथून लगेच बाहेर पडा. कोडेकच्या नावाखाली व्हायरस घुसवायचा धंदा जुना आहे.

आणि शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रूपांतर केल्यावर मूळ फाईल पुसू नका. टाकलेल्या लाटा कुठलाही कोडेक परत आणू शकत नाही. दर वेळी नव्याने आवळलं की पुन्हा थोडं गळतं. आजीचा आवाज असलेली एकच कॅसेट डिजिटल करून घेतली असेल तर पहिली, मोठी फाईल जपून ठेवा आणि वाटायला तिची लहान प्रत काढा.

ओसेर गावात फूरियेचा ब्राँझचा पुतळा होता, तो दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी वितळवला गेला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्याचं नाव अजून आहे. पण कुठलंही गाणं लावलं की आत कॉम्प्युटर काही लाटा घेतो आणि त्यांची बेरीज करून आवाज परत उभा करतो. १८०७ मध्ये विद्वानांनी जी बेरीज मानायला नकार दिला होता, तीच ही.